तीन नंबरचा आवाज

माझ्या सासूबाई कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर देत नाहीत. छत्री असो, इस्त्री असो, नाहीतर माझ्या बॅगेची चेन असो, आधी त्यांच्या हाताखालून जाते. बाहेरचा माणूस वस्तू नुसती चालू करून देतो, नीट करत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. हा फरक त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला, आणि या घरात माझीही बरीच दुरुस्ती होणार आहे हे मला तेव्हाच कळून चुकलं.

त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या ग्रंथालयाच्या बांधणी विभागात झाली. वाचकांच्या नजरेला कधी न पडणारी मागची लांबट खोली, खळीचा वास, आणि टेबलावर पाठ मोडलेली पुस्तकं. कुणाची पानं सुटलेली, कुणाला वाळवी लागलेली, कुणावर चहा सांडलेला. सासूबाई एकेक पान मऊ ब्रशने झाडायच्या, शिवायच्या, चिकटवायच्या. तिथे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. तुटलेलं तसंच ठेवून पुढे जाणं त्यांच्या हाताला ठाऊकच नाही. जेवताना टेबलाचा पाय डुगडुगला, तर घास तोंडात असतानाच त्या खाली वाकून बघतात.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर होते, कायम रात्रपाळीला. ती पाळी कुणालाच नको असायची, यांनी मागून घेतली होती. सगळे झोपलेले असताना त्यांच्या डोक्यावरच्या टाक्यांत गुपचूप पाणी चढवत राहायचं, हे त्यांना मनापासून आवडायचं. सकाळी ते घरी यायचे तेव्हा सासूबाई निघायच्या तयारीत असायच्या. दारात भेट व्हायची. किल्ली या हातातून त्या हातात, चहाचा कप त्या हातातून या हातात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सासऱ्यांचं शरीर रात्री जागं आणि दिवसा पेंगुळलेलं. एकाच पलंगावर दोघं झोपायची, पण पाळीपाळीने. "आमचा संसार उंबऱ्यावर झाला," असं सासूबाई म्हणतात. मग मुलगा कसा झाला, हे विचारण्याची माझी अजून छाती झालेली नाही.

दोघं निवृत्त झाली तरी घड्याळं काही जुळली नाहीत. सासरे रात्रभर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचे आणि जेवण झालं की दुपारी पलंगावर आडवे व्हायचे. खिडकीतला एसी त्यांच्या या दिवसाच्या झोपेसाठीच घेतलेला, तोही जुना, कुणीतरी घर सोडताना विकलेला. चालू केला की तो आधी एक मोठा उसासा टाकायचा आणि मग बोलायला लागायचा. खर्र, खर्र, टक. खर्र, खर्र, टक. मी शेजारच्या खोलीत बसून एका कंपनीचे तक्रारींचे फोन घेते. "ताई, तुम्ही गिरणीतून बोलताय का?" असं मला कितीतरी लोकांनी विचारलंय. मी त्या एसीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या आहेत की त्याच्या जागी माणूस असता तर केव्हाच घर सोडून गेला असता.

पण त्या खोलीचं दार उघडलं की माझा राग कुठच्या कुठे जायचा. जाड निळे पडदे ओढलेले, त्यांतून गाळून आलेला उजेड भिंतींवर मंद हलतोय, पायांवरून गार हवा सरपटत जातेय, आणि मधोमध सासरे उताणे झोपलेले, दोन्ही हात पोटावर, चेहऱ्यावर अगदी निश्चिंत भाव. पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. कित्येकदा मी काहीतरी घ्यायला म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले. काय घ्यायला आले होते ते आठवायचंच नाही.

मग सासरेच विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आपण निवृत्त झालोय हे. दुपारी झोप लागली नाही तर ते उठून बूट घालायचे आणि कामावर निघायचे. एकदा असेच गेले आणि सापडले ते थेट पंपिंग स्टेशनच्या फाटकाशी. ते स्टेशन बंद होऊन काळ लोटला, फाटकावर वेल चढलेत. तिथे जायचं तर मधला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, ज्यावरून दिवसभर ट्रक धावतात. तो त्यांनी कसा ओलांडला कोण जाणे. माझ्या नवऱ्याने त्या संध्याकाळी दाराला आतून कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सासरे त्या कुलपासमोर जमिनीवर बसून हुंदके देत होते. सासूबाईंनी कुलूप काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं. "माझ्या घरात माणूस कोंडायचा नाही," एवढंच बोलल्या.

"मग त्यांना सांभाळणाऱ्या जागी ठेवू," नवरा म्हणाला. गावाबाहेर अशा माणसांसाठी एक संस्था होती. तो बघून आला होता. स्वच्छ खोली, बाग, रात्रंदिवस माणसं. तो वाईट मुलगा नाही, हे इथेच सांगून टाकते. तो घाबरला होता. ऑफिसात फोन वाजला की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. संस्थेत एक खोली रिकामी झाली होती आणि शनिवारपर्यंत कळवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी ते झोपले की कुठे जातात? झोपले तर इथेच आहेत ना?" नवऱ्याने मान्य केलं. शनिवारपर्यंत पुन्हा बाहेर गेले नाहीत, तर विषय बंद.

आणि त्याच आठवड्यात एसी बिघडला. गारवा येईना, उलट पुढून आतच पाणी ठिबकायला लागलं. सासरे घामाघूम होऊन उठून बसायचे. नवरा म्हणाला, नवा आणू, भिंतीवरचा, ज्याचा आवाजच येत नाही. मी मनातून टाळ्या वाजवल्या. पण सासूबाईंनी मान हलवली. परकी माणसं येणार, भिंतीला भोक पाडणार, ड्रिल ऐकून हे बिथरणार. "आणि त्याला झालंय काय एवढं? कुणी कधी आतून पुसलाय तरी का?" त्या म्हणाल्या. त्यांना तो एसी उघडायचाच होता. दिवसा आत सासरे झोपलेले, त्यामुळे इतकी वर्षं हात लावता आला नव्हता.

गुरुवारी सासऱ्यांना बाहेरच्या खोलीत रेडिओपाशी बसवलं आणि सासूबाई कामाला लागल्या. आधी प्लग काढला, तो खिशात घालता आला असता तर खिशातही घातला असता, इतक्यांदा त्यांनी खात्री केली. समोरचं झाकण उतरवलं. त्यामागचा फिल्टर सरकवून काढला तर त्यावर धुळीची चक्क गोधडी होती. "हा श्वास तरी कुठून घेणार?" सासूबाई म्हणाल्या. आतली कॉइल बर्फाने पांढरी झालेली. तो खरवडायचा मोह मला झाला, त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. पातळ पत्र्याच्या पात्या असतात, टोकदार काही लावलं की नळीला भोक पडतं आणि खेळ खलास. बर्फ आपोआप वितळेपर्यंत आम्ही खाली जुनी चादर अंथरून बसून राहिलो. थेंब पडत होते. पडदे थोडे हलत होते. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "ह्या खोलीत दिवसा बसायची मला कधी वेळच आली नाही गं. उजेड असा असतो होय इथे."

मी फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुतला आणि सावलीत वाळत ठेवला. उन्हात ठेवला तर जाळी वाकडी होते, हेही मला ऐकवण्यात आलं. सासूबाईंनी बांधणीतला आपला मऊ ब्रश काढला आणि कॉइलच्या पात्या वरून खाली, वरून खाली झाडल्या, कधीच आडव्या नाहीत. वाकलेल्या पात्या बारीक कंगव्याने सरळ केल्या. तळाच्या ट्रेचं भोक शेवाळाने बुजलं होतं, म्हणून तर पाणी आत येत होतं. त्यात वाकवलेली तार घालून फिरवली तशी हिरवट गाळाची एक लांब शेपटी बाहेर आली. एसीची मागची बाजू जराशी खाली हवी म्हणजे पाणी बाहेर जातं, म्हणून पुढच्या कडेखाली पुठ्ठ्याची घडी सारली.

काम इथे संपायला हवं होतं. पण हात कुणाचे होते! झाकणाची खालची एक खिट्टी तुटली होती, ती त्यांनी सरसाने जोडली. झाकणाच्या कडेला बांधणीच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे थरथरणार नाही. सैल स्क्रू घट्ट पिळले. चालू केला तेव्हा मी आश्चर्याने बघतच राहिले. हवा अशी गार की अंगावर काटा यावा. पाण्याचा थेंब नाही. आणि आवाज? नुसता एक मऊ सूर, पुस्तकाची पानं कुणीतरी लांबवर चाळतंय तसा. मी सासूबाईंचा हातच हातात घेतला. त्यांच्या गालांवर चक्क लाली आली होती.

सासरे आडवे झाले. आम्ही दार लोटलं. थोड्या वेळाने बघते तर ते पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते.

"अहो, कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"तीन नंबर बंद पडलाय," ते म्हणाले. "वरच्या वस्तीला पाणी जाणार नाही."

सासूबाईंनी त्यांना गोडीगुलाबीने परत झोपवलं. ते पुन्हा उठले. आम्हाला वाटलं, गार जास्त झालं असेल. शुक्रवारी गारवा कमी केला, पांघरूण घातलं, गरम दूध दिलं. ते डोळे उघडे ठेवून छताकडे कान लावून पडले होते. मला एक लांबलचक तक्रार आली, सासूबाई न्हाणीघरात गेल्या, आणि तेवढ्यात दार वाजलं. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांना दंडाला धरून घेऊन आला होता. मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे होते, म्हणाला, ट्रक थांबायची वाट बघत.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "उद्या अर्धा दिवस आहे. येताना बाबांसाठी बॅग आणतो," असं म्हणाला आणि न जेवता झोपायला गेला. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तर सगळं नीट केलं होतं ना गं?" इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असेल तर तेवढंच. मला रडू आलं.

शनिवारी दुपारी सासरे पुन्हा बूट घेऊन बसले. तोच थंडगार, गुळगुळीत सूर चालू होता. सासूबाई या वेळी त्यांना अडवायला गेल्या नाहीत. त्यांच्या पायांपाशी जमिनीवर बसल्या, थकून, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बंद पडला हे कळतं कसं हो तुम्हाला? इथून दिसतो का तो?"

सासऱ्यांचा चेहरा उजळला. नव्या माणसाला काम शिकवायचं म्हटलं की त्यांचा सगळा विसराळूपणा पळतो. "दिसायला कशाला हवा? ऐकायचं. एक नंबर घरघरतो. दोन नंबर शिट्टी घालतो. तीन नंबरचं झाकण ढिलं आहे, मी मुद्दाम आवळू देत नाही कुणाला. खुर्चीत बसल्या बसल्या कळतं, चाललाय. आवाज आहे तोवर बसून राहायचं. डोळा लागला तरी हरकत नाही. आवाज थांबला की उठायचं. एवढंच तर काम आहे."

"आणि ढिलं झाकण वाजतं कसं?"

त्यांनी पलंगाच्या लाकडी कडेवर नखं फिरवली आणि मग बोटाच्या पेराने एकदा ठोकलं. खर्र, खर्र, टक.

सासूबाईंना काही उलगडलं नाही. उलगडणार कसं? त्या रात्री झोपायच्या तेव्हा एसी बंद आणि खिडकी उघडी असायची, आणि दुपारी त्या मागच्या स्वयंपाकघरात; एसी वाजतो एवढंच ठाऊक, कसा वाजतो ते नाही. पण मी त्या आवाजाशेजारी बसून पोट भरलंय. "आई, हा आपला एसी आहे. परवापर्यंत तो असाच वाजत होता," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एसीकडे, मग सासऱ्यांकडे. त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा काय काय येऊन गेलं ते मला नीट सांगता येणार नाही. आजवर ज्याला आम्ही बिघाड म्हणत होतो, त्याच्या भरवशावर तो माणूस निवांत झोपत होता. आणि तो भरवसाच त्यांनी मन लावून, जीव ओतून, चिकटवून बंद केला होता.

पेचकस आणायला मीच धावले. प्लग काढला. एक स्क्रू सैल केला, कॉम्प्रेसरला दम घ्यायला थोडं थांबलो, चालू केला. घर्र असा जाडा आवाज आला. "हा एक नंबर," सासरे पलंगावरून म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय, सांगा त्यांना." स्क्रू पुन्हा आवळला. कापडाच्या पट्ट्या सोलून काढल्या. खर्र, खर्र यायला लागलं, पण टक काही येईना. सासरे मान तिरकी करून ऐकत होते, एक बूट पायात, एक हातात. "तोच आहे," ते म्हणाले, "पण पाणी ओढत नाहीये. गेलं पाहिजे." आणि उठून उभे राहिले.

राहिली होती ती जोडलेली खिट्टी. सासूबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. जोड इतका सफाईदार होता की कुठे तुटली होती ते बोटालाही कळू नये. असं काम बघायला ग्रंथालयात साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे. मी म्हणाले, "आई, मी तोडते." त्या म्हणाल्या, "नको. तू वाकडी तोडशील." त्यांनी पेचकसाचं टोक जोडावर नेमकं धरलं, डोळे मिटले आणि मनगट वळवलं. कट्‌ असा बारीकसा आवाज झाला. त्यांच्या तोंडून 'स्स' निघालं, कुणीतरी चिमटा काढल्यासारखं.

झाकण लावलं. प्लग लावला. एसीने एक उसासा टाकला.

खर्र, खर्र, टक. खर्र, खर्र, टक.

सासरे उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग त्यांनी हातातला बूट खाली ठेवला, पायातला काढला, दोन्ही जोडून भिंतीशी लावले आणि आडवे झाले. हात पोटावर आले. "आलं पाणी," ते म्हणाले, आणि कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या. मी पडदे ओढले. खोली पुन्हा निळी झाली, खोल झाली. सासूबाई पलंगाच्या कडेवर टेकून तुटक्या खिट्टीच्या जागेकडे बघत होत्या.

"अगं," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "तू अजून इथेच? कामावर नाही गेलीस?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आज सुट्टी आहे."

"मग टेक की जरा." आणि ते भिंतीकडे सरकले, झोपेतल्या झोपेत, बरोबर एका माणसाची जागा करून.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दिवसाढवळ्या आडवं व्हायला माझी परवानगी लागणार होती. मग त्या पार कडेला, अंग चोरून, पाठ टेकवून पडल्या. जागं राहायचा त्यांचा विचार असावा. पण ती खोलीच तशी आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची मूठ सैल झाली, पेचकस चादरीवर घरंगळला, आणि दोघांचे श्वास त्या खर्र खर्रच्या मागेपुढे चालायला लागले.

नवरा आला तेव्हा मी त्या खोलीच्या दारातच बसले होते. त्याच्या हातात नवी कोरी बॅग होती, किमतीचं लेबलही न काढलेली. त्याने कपाळाला हात लावला. "पुन्हा बिघडला का हा?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बिघडला नाही. आईंनी बिघडवलाय," मी म्हणाले, आणि त्याला काय काय झालं ते कुजबुजत सांगितलं. तो ऐकत होता, पण बघत होता आत. लहानपणी दिवसा तो या घरात चवड्यांवर चालायचा, बाबा झोपलेत म्हणून. रात्री कुजबुजायचा, आई झोपलीये म्हणून. आता तो चौकटीला धरून उभा राहिला.

खिशातला फोन वाजला. संस्थेचाच होता, खोलीचं काय ठरलं विचारायला. त्याने घाईघाईने आवाज दाबला, फोन कानाला लावून मागे सरकला आणि हळूच दार ओढून घेतलं.

"नाही, खोली दुसऱ्या कुणाला तरी द्या," तो म्हणाला. "नाही हो, तसं काही झालेलं नाही. मी आत्ता मोठ्याने बोलू शकत नाही, आईबाबा झोपलेत." मग पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत असताना तो तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा तोंडात आल्यासारखं, सावकाश. "आईबाबा झोपलेत."